नवस फेडणारा मास्तर

दुखण्यातून उठलो तर अमुक करीन, असा नवस आपल्याकडे घरोघर बोलला जातो. दुखणे सरले की कुणी पायी पंढरी गाठतो, कुणी देवीची ओटी भरतो, आणि मोकळा होतो. पण एका तरुण इंजिनियरने बोललेला असाच एक नवस फेडता फेडता त्याचा उभा जन्म सरला.

गीदो व्हर्बेक याचा जन्म १८३० साली हॉलंडमधील झाइस्ट या गावी झाला. यंत्रविद्या शिकून तो १८५२ साली नशीब काढायला अमेरिकेत गेला आणि पुढे आर्कान्सा प्रांतात इंजिनियरीचे काम करू लागला. १८५४ साली त्याला पटकीने गाठले. मरण उशाशी येऊन बसले असता त्याने देवाला शब्द दिला, की वाचलो तर मिशनरी होईन. तो वाचला. चालता धंदा सोडून त्याने धर्मशिक्षण घेतले, १८५९ साली लग्न केले, आणि त्याच वर्षी नव्या नवरीसह तो जपानला निघाला. ७ नोव्हेंबरला त्याने नागासाकी बंदरात पाऊल ठेवले.

पण तेथे त्याच्या नवसाला ग्रहणच लागलेले होते. जपानात ख्रिस्ती धर्माला १६१४ पासून बंदी होती. रस्त्यारस्त्यांवर सरकारी फळ्या टांगलेल्या असत आणि ख्रिस्ती माणूस पकडून देणाऱ्यास बक्षीस मिळे. परदेशी पाहुण्याने आपल्या वस्तीत आपली प्रार्थना करावी, एवढीच मुभा होती. आपल्याकडे याच्या उलट घडले होते. १८१३ नंतर कंपनी सरकारने मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. शाळेत घातलेला मुलगा बाटतो की काय, ही धास्ती आईबापांना पडे. १८४३ साली श्रीपत शेषाद्री प्रकरणाने मुंबईत केवढे वादळ उठवले, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेच. जपानात मात्र धास्ती मास्तरालाच होती. त्यात पहिली मुलगी जन्मली आणि थोड्याच दिवसांत गेली. तिच्या नावात त्याने जपानचे नाव गुंफले होते.

अशा वेळी माणूस दुसरे काय करील? व्हर्बेक जपानी शिकला आणि इंग्रजी शिकवू लागला. तरुण सामुराईंना इंग्रजी हवी होती ती तोफा, जहाजे आणि कायदे समजण्यासाठी. व्हर्बेकने त्यांच्यापुढे दोन पुस्तके ठेवली : नवा करार आणि अमेरिकेची राज्यघटना. ओकुमा शिगेनोबु आणि सोएजिमा तानेओमी हे त्याच वर्गातले विद्यार्थी. बंदी असलेले पुस्तक वाचनपाठ म्हणून उघडपणे मेजावर असे. त्यातून कुणी काय घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पहिला बाप्तिस्मा देण्यासाठी त्याला सहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. मुराता नावाच्या सागा संस्थानच्या एका मानकऱ्याला नागासाकी बंदरात तरंगणारा नवा करार सापडला होता, असे सांगतात. परकी लिपी वाचता येईना, म्हणून त्याने चिनी भाषांतर मिळवले. २० मे १८६६ रोजी व्हर्बेकच्या घरी, दारे लावून, मुराता आणि त्याच्या भावाने दीक्षा घेतली.

मग राज्य पालटले. जुने विद्यार्थी नव्या सरकारात चढले आणि १८६९ साली त्यांनी मास्तरांना तोक्योला बोलावून घेतले. पुढे जिच्यातून तोक्यो विद्यापीठ उभे राहिले, त्या सरकारी शाळेचा कारभार त्याच्याकडे आला. राज्यकर्त्यांनी स्वतः परदेश पाहून यावे, असे टिपण त्याने त्याच वर्षी ओकुमाकडे दिले होते. १८७१ साली इवाकुरा यांचे शिष्टमंडळ अमेरिका-युरोपला निघाले. या मंडळींना परदेशात जागोजाग ख्रिस्ती धर्मबंदीविषयी बोल ऐकावे लागले. अखेर १८७३ साली त्या फळ्या उतरल्या.

याच वर्षी व्हर्बेकने शाळेचे काम सोडले. १८७७ पर्यंत तो सरकारचा कायदेविषयक सल्लागार होता. त्या साली उगवत्या सूर्याचे मानचिन्ह त्याला मिळाले. एवढ्यावर कुणीही समाधानाने खुर्चीत टेकला असता. हा मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर जुन्या नवसाकडे वळला. गावोगाव प्रवचने करू लागला, आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या जपानी भाषांतराला त्याने हात लावला. १८८८ साली जपानी बायबल पूर्ण झाले.

एव्हाना हॉलंडचे नागरिकत्व गेलेले होते आणि अमेरिकेचे कधी मिळालेच नव्हते. ज्याला देश नाही अशा या माणसाला १८९१ साली जपान सरकारने खास परवाना दिला, की याने सकुटुंब आमच्या देशात हवे तेथे राहावे, हवे तेथे फिरावे.

मग नवस फिटला का? बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बघाल तर हिशेब तोकडाच भरेल. ओकुमा काही ख्रिस्ती झाला नाही. पण त्याने १८८२ साली एक शाळा काढली आणि तिचे पुढे वासेदा विद्यापीठ झाले. आम्हा मास्तर लोकांना एक ठाऊक असते : आपण एक धडा शिकवतो आणि मूल दुसराच शिकून जाते, आणि तो कधी कधी अधिक खोल रुजतो. व्हर्बेकच्या श्रद्धेची थोरवी मला याच ठिकाणी दिसते. पेरलेले आपल्या मनासारखे उगवले नाही, म्हणून त्याने पाणी घालणे थांबवले नाही.

१० मार्च १८९८ रोजी तोक्योत त्याने डोळे मिटले. तेथील आओयामा स्मशानभूमीत तो विसावला आहे. त्याच वर्षी, जून संपता संपता, त्याचा नागासाकीचा विद्यार्थी ओकुमा जपानचा पंतप्रधान झाला.