समुपदेशन-कार्यालयातील उमेदवारी : एक ऐतिहासिक आलोकन

नेमणुकीच्या आशेने कचेरीत काम करणाऱ्यास मराठीत ‘उमेदवार’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि या शब्दात काम शिकण्यापेक्षा आशेवरच भर अधिक आहे. इंग्रजीतील ‘इंटर्न’ या शब्दाची कुळकथा निराळी आहे. पॅरिसच्या रुग्णालयांत १८०२ पासून परीक्षेने निवडलेले विद्यार्थी रुग्णालयातच राहून काम शिकत. त्यांस ‘अँतेर्न’, म्हणजे आत राहणारा, असे नाव होते. मराठीत रूढ झालेला ‘आंतरवासिता’ हा शब्दही याच अर्थाचा आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या व्यवसाय-समुपदेशन कार्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी जे प्रत्यक्ष काम शिकतात, त्याच्या इतिहासात या दोन्ही कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आढळतात.

या इतिहासाचा आरंभ विद्यापीठात झाला नाही. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ च्या जानेवारीत बॉस्टन शहरातील सिव्हिक सर्व्हिस हाउस या संस्थेत व्यवसाय-मार्गदर्शन कार्यालय उघडले. व्यक्तीच्या गुणांची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंची तर्कशुद्ध सांगड ही त्यांच्या पद्धतीची त्रिसूत्री होती. सल्ला देणाऱ्यासही शिक्षण हवे, हे त्यांनी आरंभीच ओळखले आणि सल्लागारांच्या शिक्षणाची योजना आखली. तथापि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांचा ‘चूझिंग अ व्होकेशन’ हा ग्रंथ १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. १९११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मायर ब्लूमफील्ड यांनी या विषयाचा अभ्यासक्रम शिकविला आणि १९१३ मध्ये मार्गदर्शकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अशा रीतीने विषयास विद्यापीठात स्थान मिळाले. परंतु व्याख्यान ऐकणे वेगळे आणि समोर बसलेल्या गोंधळलेल्या तरुणाशी बोलणे वेगळे. हे दुसरे कौशल्य कसे शिकवावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

त्यास पहिले समाधानकारक उत्तर एका यंत्रामुळे मिळाले. कार्ल रॉजर्स १९४० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आले आणि त्यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी देखरेखीखालील प्रत्यक्ष मुलाखतींचा अभ्यासवर्ग चालविला. मुलाखती तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या जात. तबकडी काही मिनिटांतच भरे आणि बदलावी लागे. तरीही या खटाटोपाचे फळ मोठे होते. तोपर्यंत शिकाऊ सल्लागार मुलाखतीचे वर्णन आठवणीतून सांगे आणि शिक्षक त्या वर्णनावर मत देई. आता आपण प्रश्न कसा विचारला, समोरच्याचे वाक्य कोठे तोडले, उपदेशाची घाई कोठे केली, हे विद्यार्थ्यास स्वतःच्या कानांनी ऐकता येऊ लागले. १९४२ मध्ये रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथात आठ भेटींचा एक संपूर्ण वृत्तांत शब्दशः छापला. मिनेसोटा विद्यापीठातील विल्यमसन यांची चाचण्यांवर आधारलेली, सल्लागारास निर्णयात पुढाकार देणारी पद्धत आणि रॉजर्स यांची पद्धत यांत तीव्र मतभेद होता. परंतु असे पुरावे उपलब्ध झाल्यामुळे तो वाद अनुमानावरून प्रत्यक्षावर आला.

पुढील वाढ मात्र शासनाच्या गरजेतून झाली. १९४४ च्या कायद्याने युद्धातून परतलेल्या सैनिकांस उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. विद्यापीठांतून मार्गदर्शन-केंद्रे उभी राहिली आणि प्रशिक्षित सल्लागारांची उणीव भासू लागली. १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील परिषदेत समुपदेशन-मानसशास्त्राच्या शिक्षणाची रूपरेषा ठरली आणि १९५२ मध्ये प्रत्यक्ष कार्याच्या शिक्षणाविषयीची स्वतंत्र शिफारस प्रसिद्ध झाली. १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह आकाशात गेल्यावर, १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने माध्यमिक शाळांतील मार्गदर्शकांच्या शिक्षणासाठी विद्यापीठांस निधी दिला.

१९८१ मध्ये समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारे मंडळ स्थापन झाले. त्याच्या मानदंडांनुसार विद्यार्थ्याने प्रथम १०० तासांचा प्रात्यक्षिक वर्ग आणि नंतर ६०० तासांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. त्या ६०० तासांपैकी किमान २४० तास प्रत्यक्ष सेवेचे असावे लागतात. विद्यापीठाचे व्यवसाय-समुपदेशन कार्यालय हे या कामाचे एक सोयीचे क्षेत्र ठरले. वैयक्तिक भेटी, अभिरुची-चाचण्यांचे विवरण, अर्जपत्रांची दुरुस्ती आणि गटवर्ग अशी कामे तेथे विद्यार्थ्याकडे येतात.

येथेच मूळचा पेच पुन्हा उभा राहतो. कार्यालयास मनुष्यबळ हवे असते आणि विद्यार्थ्यास तास भरावयाचे असतात. सल्ल्यासाठी आलेल्या तरुणास मात्र त्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यावयाचा असतो. मानदंडांनी तास निश्चित केले, परंतु मोबदल्याचा दर निश्चित केला नाही. त्यामुळे शिक्षण कोठे संपते आणि फुकट श्रम कोठे सुरू होतात, ही सीमा अस्पष्टच राहिली. सल्ला घेणाऱ्याच्या बाजूने दोन बंधने मात्र स्पष्ट आहेत : आपण शिकाऊ आहोत हे विद्यार्थ्याने प्रथमच सांगावे आणि त्याच्या कामावर अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख असावी.

या दृष्टीने पाहता समुपदेशन-कार्यालयातील मेजाच्या दोन्ही बाजूंस उमेदवारच बसलेले असतात. दोघांचीही आशा भविष्यावर असते. त्यांपैकी एकाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याने मोजू नये, यासाठीच देखरेखीची व्यवस्था घडत गेली. म्हणून एखाद्या कार्यालयातील आंतरवासितेचे मूल्यमापन करताना भरलेल्या तासांच्या बेरजेपूर्वी त्या देखरेखीची चौकशी करणे इतिहासास धरून होईल.