तळटीप : ‘विभाजित तक्ता’

१. ‘विभाजन’ हा शब्द ग्रंथकाराने वाटणी या अर्थी नव्हे, तर दप्तरखान्यात एकाच खात्याचे कागद सालवार रुमालांत बांधीत, त्या अर्थी योजिला आहे : तक्ता नावाने एकच राहतो, परंतु त्याच्या ओळी तारखेसारख्या एखाद्या रकान्यावरून निरनिराळ्या खंडांत पडतात, आणि मार्चच्या पावत्या मागितल्या असता इतर महिन्यांच्या खंडांना हातही लावावा लागत नाही. जुने साल काढून टाकताना तर लाखो ओळी खोडण्याऐवजी अख्खा खंडच अलग करता येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय सरळ घोषणेने करणे २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून शक्य झाले. तत्पूर्वीची ट्रिगरांची खटपट आठवू नये अशीच होती. मात्र या घोषित विभाजनात प्रायमरी कीमध्ये विभाजनाचा रकाना असावाच लागतो. ही अट मूळ ग्रंथात राहून गेली आहे. — संपादक