कारवानी आणि आपला उंबरठा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नालासोपाऱ्यात आमच्या वस्तीमागे एक कुत्री येऊन राहिली. उंच पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेले, तोंड लांबट. शेपटी मात्र गावठी कुत्र्यासारखी वर वळलेली. दोन प्राणिमित्र तरुण तिच्या जखमेवर औषध लावायला येत. त्यांनी सांगितले, ‘ही कारवानी आणि गावठी यांचा संकर आहे, कोणीतरी हौसेने आणून सोडून दिली. घर मिळेल का बघा.’ आमच्या मुलांनी लगेच होकार दिला. अब्बा एवढेच म्हणाले, ‘घरात कुत्रा असला की फरिश्ते येत नाहीत.’

अब्बांचे म्हणणे हदीसला धरून होते. त्यात आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आणि कुत्र्याच्या बाबतीत आमचा मसलक कडकच मानला जातो. वाद घालण्याऐवजी आम्ही पुस्तके काढली. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला दुसरे काय येते?

प्रथम नावाकडेच लक्ष गेले. कारवानी हे नाव फारसी ‘कारवान’वरून, म्हणजे काफिल्यावरून आले. याच्याच लांब केसांच्या भावंडाला सोलापूर-लातूरकडे ‘पश्मी’ म्हणतात. पश्म म्हणजे लोकर. अफगाणिस्तान-इराणकडचा यांचा चुलत भाऊ तो ‘ताज़ी’. फारसीत ताज़ी म्हणजे अरबी. वर्गात मुले या शब्दाचा अर्थ हमखास ‘ताज़ा’शी जोडतात, पण उर्दू शब्दकोशात ताज़ी म्हणजे अरबी घोडाही आणि शिकारी कुत्राही. काफिल्यांबरोबर हे कुत्रे दख्खनेत उतरले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. नावे पाहिली की ती पटते. मात्र नाव मागून येते आणि प्राणी आधीपासून असू शकतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कारण दख्खनेत शिकारी कुत्र्याचा मान सुलतानांच्याही आधीचा आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे सापडलेला सुमारे इ. स. ९४९-५० चा एक शिलालेख आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने चोळांशी युद्ध केले. त्यात त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग याचा मणलेर नावाचा सरदार गाजला. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर मणलेरने ‘काळी’ नावाची कुत्री मागितली. पुढे तिला एका मोठ्या रानडुकरावर सोडले तेव्हा दोघेही एकमेकांना मारून मेले. मणलेरने तिच्या नावाने दगड उभा केला, जमीन लावून दिली आणि पूजेची व्यवस्था केली. काळी कोणत्या जातीची होती हे दगड सांगत नाही. पण जमीन-जुमला सोडून कुत्री मागणारा सरदार दख्खनेत होता, एवढे तो नक्की सांगतो.

आम्हा वसईकरांना यात आणखी एक धागा दिसतो. याच राष्ट्रकूट राजांना अरब प्रवासी ‘बल्हरा’ म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी कोकणात चौलला येऊन गेलेला अल्-मसऊदी लिहितो की बल्हराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे. अरबांच्या ग्रंथांत आपले सोपारा ‘सुबारा’ म्हणून येते. म्हणजे काळीचा दगड जिथे उभा राहिला आणि आपले व्यापारी पूर्वज जिथे गलबते लावत, ती दोन्ही ठिकाणे एकाच सत्तेच्या छायेत होती.

नंतरचा इतिहास अधिक परिचयाचा आहे. आईन-ए-अकबरीत अबुल फज़ल लिहितो की बादशहाला कुत्र्यांची आवड होती आणि काबूलकडून, विशेषतः हज़ारा प्रदेशातून, उत्तम कुत्रे येत. आदिलशाहीतील घोरपडे सरदारांच्या मुधोळला या कुत्र्यांची जोपासना झाली. तिथल्या राजेसाहेबांनी पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. उत्तरेत रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी ताज़ी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांचा संकर करून रामपूर हाउंड घडवला, असे मानले जाते. ही गोष्ट आम्ही अब्बांना मुद्दाम ऐकवली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ आणि रामपूर दोन्ही होत्या. संकर म्हणून आमच्या वस्तीतल्या कुत्रीला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नवाबाच्या दारी संकर झाला की त्याची जात होते.

आता दीनचा प्रश्न. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. सूरह कहफमध्ये गुहेच्या दाराशी पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. हदीसमध्ये शिकार, जनावरे आणि शेती यांसाठी कुत्रा पाळण्यास मुभा आहे. निव्वळ हौसेने पाळणाऱ्याचे सवाब रोज घटते. शाफई इमाम नववी (१२३३-१२७७) यांनी याच हदीसवरून कयास करून घराच्या राखणीसाठीही मुभा योग्य ठरवली. लाळ लागलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने धुवायचे, हे आमच्याकडे कायम. मालिकी फिक़्हमध्ये कुत्रा पाकच धरला जातो. सगळे मिळून चित्र असे दिसते, की आपल्या बुजुर्गांनी विचारले ते कुत्र्याचे काम काय हे, आणि त्याला बसायला कुठे जागा द्यायची हे.

काम जाऊ लागले ते १९७२ पासून. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. ससा धरायला हजार वर्षे घडवलेला देह बेकार झाला. कायदा योग्यच होता, पण त्या पायांतली धाव कुठे जाणार? पिल्लू देखणे दिसते म्हणून शहरात आणतात आणि फ्लॅटमध्ये कोंडतात. ते घर कुरतडते. मग एके दिवशी गाडीतून उतरवून देतात.

म्हणून ज्या घराला असा संकर घ्यायचा आहे, त्यांनी आधी आपले पाय तपासावेत. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. मांजर, कोंबडी, ससा पळताना दिसला की त्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून रस्त्यावर मोकळा सोडू नये. सकाळ-संध्याकाळ चांगले पळवले तर उरलेला दिवस तो गाढ झोपतो. त्याच्या अंगावर चरबी कमी असते, पावसाळी गारठ्यात अंथरूण लागते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना कारवानीचे रक्त असल्याचे जरूर सांगावे, कारण भुलीची काही औषधे या वंशाच्या अंगातून हळू उतरतात. रेबीजची लस आणि नसबंदी यांत तर चालढकल नकोच. संकरात कोणाचा स्वभाव उतरेल हे पिल्लात कळत नाही. वयात आलेला सोडलेला कुत्रा घेण्याचा हा एक फायदा, की तो कसा आहे हे समोरच दिसते. मुलांना मात्र शिकवावे लागते. झोपलेल्याला मिठी मारायची नाही.

आमच्याकडे अखेर तह झाला. उंबरठ्याच्या आत ती येत नाही. पडवीत तिची गोणपाटाची जागा, वेगळे भांडे, आणि नळाजवळ अब्बांनी स्वतः आणून ठेवलेली मातीची कुंडी. रात्री राखण, हे तिचे काम. फजरनंतर आम्ही तिला लांब दोरीने कळंबच्या किनाऱ्यावर नेतो. ओहोटीला वाळू घट्ट असते. पहिल्या दिवशी ती धावली तेव्हा चारही पाय एकदम जमिनीवरून उठलेले मुलांनी पाहिले आणि ओरडली. अब्बा त्या दिवशी आले नव्हते. हल्ली येतात, थोडे अंतर ठेवून उभे राहतात, आणि दोरी नीट धरली आहे ना, हे दोनदा विचारतात.