करारावरचा आकडा आणि हातात पडणारा पैसा

दरवर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतून एक बातमी येते. विशी-बाविशीतला एक तरुण मंचावर येतो, संघाची टोपी घालतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा छापून येतो की त्याला चार वर्षांसाठी अमुक कोटी डॉलर मिळाले. त्या तरुणांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे असते. गरिबीतून आलेल्या मुलाने नशीब काढले, म्हणून आपल्याकडेही ती चित्रफीत आनंदाने फिरवली जाते. त्या आनंदावर आम्हाला पाणी ओतायचे नाही. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच : त्या आकड्यातले किती पैसे हमखास त्याच्या हातात पडणार आहेत? आणि ते कोणी ठरवले?

इथे बोलतो आहोत ते अमेरिकन फुटबॉलबद्दल. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि प्रत्येक डावात अंगावर अंग आदळणारा हा खेळ. त्याची व्यावसायिक संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, एनएफएल. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये खेळाडूचा करार साधारणपणे पूर्ण हमीचा असतो. करार पाच वर्षांचा असेल तर पाचही वर्षांचे पैसे मिळतात, मग संघाने त्याला ठेवो वा काढो. ज्या खेळात शरीर सर्वांत लवकर मोडते, त्या फुटबॉलमध्ये मात्र ही रीत रुजली नाही. का रुजली नाही, हे समजायला इतिहासात जावे लागते.

बाजारात एकच गिऱ्हाईक

एनएफएलचा पहिला ड्राफ्ट 1936 साली फिलाडेल्फियात झाला. कल्पना होती फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. नियम सोपा होता. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची मालकांनी क्रमाने निवड करायची आणि ज्याला ज्या संघाने निवडले, त्याने त्याच संघाशी बोलायचे. दुसऱ्या संघाचे दार बंद. मालकांनी याला संघांमधली समानता म्हटले. मजुराच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा की श्रम विकायला बाजारात गेलेल्या माणसासमोर एकच गिऱ्हाईक उभे. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला जे बर्वेंगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

याच काळात, 1934 ते 1945 या वर्षांत, एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, मालकांचा अलिखित समझोता होता. 1946 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले तेव्हा ही भिंत फुटली. वॉशिंग्टनच्या संघाने तर 1962 पर्यंत, केनेडी सरकारचा दबाव येईपर्यंत, दार उघडले नाही. म्हणजे मालकांची एकजूट दोन कामे करत होती : कोणाला आत घ्यायचे नाही ते ठरवणे आणि आत घेतलेल्याला किती द्यायचे ते ठरवणे.

मालकांची एकजूट तुटली की मजुरी कशी वाढते, तेही इतिहासात दिसते. 1960 मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी संघटना सुरू झाली. त्याच चढाओढीत 1965 साली जो नेमथ या नवख्या खेळाडूला न्यूयॉर्क जेट्सने 4 लाख 27 हजार डॉलरचा करार दिला. 1966 मध्ये दोन्ही संघटनांनी विलीनीकरण ठरवले, 1967 पासून ड्राफ्ट एकच झाला आणि पुन्हा एकच गिऱ्हाईक उरले.

याझू स्मिथचा खटला

1968 च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने जेम्स ‘याझू’ स्मिथ या बचावपटूला बाराव्या क्रमांकावर निवडले. करार एक वर्षाचा, सगळे मिळून 50 हजार डॉलर. त्यातले 23 हजार सही करतानाचा बोनस. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि त्याचे खेळणे कायमचे संपले. संघाने त्याला नंतर 19,800 डॉलर आणखी दिले. एका तरुण माणसाच्या मानेचा हिशेब तिथे मिटला.

स्मिथने 1970 मध्ये दावा लावला. त्याचा मुद्दा असा की ड्राफ्ट नसता, सगळ्या संघांशी बोलता आले असते, तर दुखापतीपासून संरक्षण देणारा करार मिळवता आला असता. म्हणजे हमीचा प्रश्न त्याने थेट निवडीच्या स्वातंत्र्याशी जोडला. 1976 मध्ये न्यायालयाने तत्कालीन ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. 1978 मध्ये अपील न्यायालयानेही ड्राफ्ट बेकायदा असल्याचे मान्य केले.

मग ड्राफ्ट आजही कसा चालू आहे? कारण 1977 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी केलेल्या सामूहिक करारात ड्राफ्टला संमती दिली. कामगार संघटनेने मान्य केलेल्या अटीला अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळते. 2004 मध्ये मॉरिस क्लॅरेट या तरुणाने शालेय शिक्षणानंतर तीन वर्षे थांबण्याच्या अटीला आव्हान दिले, तेव्हा तोही याच कारणाने अपिलात हरला. जो अजून संघटनेचा सभासद झालेला नाही, ज्याला मत नाही, त्याच्या वतीने आधीच सही झालेली असते.

हमी म्हणजे नेमके काय?

एनएफएलच्या नेहमीच्या करारात पगार हंगामागणिक असतो. कामगिरी कमी पडली असे ठरवून संघ खेळाडूला काढू शकतो आणि पुढच्या वर्षांचे आकडे कागदावरच राहतात. जखमी झाला तर त्या हंगामाचे पैसे मिळतात, पुढचे नाहीत. हमी याच्या वर वेगळी मिळवावी लागते आणि ती तीन प्रकारची असते : दुखापत झाली तरी पैसे, कामगिरी घसरली तरी पैसे आणि वेतनमर्यादेत जागा करण्यासाठी काढले तरी पैसे. तिन्ही असतील तरच ‘पूर्ण हमी’. सही करतानाचा बोनस हा सर्वांत पक्का पैसा.

पूर्ण हमीतही चोरवाटा असतात. काढलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतले तर पहिला संघ तेवढी रक्कम आपल्या देण्यातून वजा करू शकतो, अशी अट घातली जाते. 2016 मध्ये जोई बोसाचा करार याच अटीवरून आणि बोनस कधी द्यायचा यावरून ऑगस्टअखेरपर्यंत अडला. 2018 मध्ये रोक्वान स्मिथ जवळपास महिनाभर सरावाला गेला नाही. निलंबन झाले तर हमीचे काय, या कलमावर वाद होता. बारीक अक्षरांतले एक कलम मोठ्या आकड्याला पोकळ करू शकते, हे या दोघांनी ओळखले होते.

2011 चा सौदा

2010 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला. त्यात 5 कोटींची हमी होती. मालक ओरडू लागले की मैदानात न उतरलेल्या मुलांना एवढे पैसे कशाला. अनेक जुन्या खेळाडूंनाही ते पटले. 2011 मध्ये मालकांनी टाळेबंदी केली आणि जुलैमध्ये नवा सामूहिक करार झाला. नवख्यांसाठी क्रमांकानुसार ठरलेली वेतनश्रेणी आली. चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतल्यांवर पाचव्या वर्षाचा हक्क संघाकडे आणि तीन हंगाम होईपर्यंत नव्याने बोलणी नाहीत. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला मिळाले सुमारे 2 कोटी 20 लाख, पूर्ण हमीने.

म्हणजे हमीचा टक्का शंभर झाला आणि खुद्द रक्कम एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आली. जुन्यांना सांगितले गेले की वाचलेला पैसा तुमच्याकडे येईल. आमचे वाचन वेगळे आहे. स्वस्त नवखा हाताशी आल्यावर संघाला मधल्या फळीतला अनुभवी खेळाडू महाग वाटू लागला. नवख्याचा पगार कापायला मान डोलावणाऱ्याने स्वतःच्या पायाखालची फळीही कापली.

आणि तळाशी काय आहे? 2022 मध्ये सर्वांत शेवटी, 262 व्या क्रमांकावर निवडला गेलेल्या ब्रॉक पर्डीचा चार वर्षांचा करार सुमारे 37 लाख डॉलरचा होता. त्यात हमीचे होते जेमतेम 77 हजार. त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले तेव्हाही तो याच करारावर खेळत होता. 2025 मध्ये त्याला मोठा करार मिळाला, पण त्याआधी त्याचे कोपर जायबंदी होऊन शस्त्रक्रिया झाली होती. ते कोपर पुन्हा उभे राहिले नसते तर?

शरीराची किंमत कोण लावतो?

डोक्याला मार बसून मेंदूचे विकार झालेल्या माजी खेळाडूंसाठी एनएफएलने भरपाईचा समझोता केला होता. त्यातल्या चाचण्यांत कृष्णवर्णीयांची बौद्धिक पातळी मुळातच कमी धरण्याची पद्धत वापरली जात होती. त्यामुळे त्यांना भरपाई मिळणे अवघड होई. माजी खेळाडू नाजेह डेव्हनपोर्ट आणि केविन हेन्री यांनी 2020 मध्ये दावा लावला आणि 2021 मध्ये एनएफएलने ती पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. जिथे नंतरची भरपाई अशा तराजूत तोलली जाते, तिथे आधीची लेखी हमी ही चैन राहत नाही.

बाबासाहेबांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हाच मुद्दा तत्त्व म्हणून मांडला होता. सरकारने हात काढून घेतला की माणूस स्वतंत्र होत नाही. ज्याच्या हातात रोजगार आहे त्या मालकाची सत्ता त्याच्यावर चालते. करार ‘स्वखुशीने’ झाला हे म्हणणे दोघांची ताकद सारखी असेल तरच खरे.

2025 मध्ये काय घडले?

पहिल्या फेरीत पूर्ण हमीची रेघ वर्षागणिक खाली सरकत गेली होती. दुसऱ्या फेरीत ती नव्हती. 2025 मध्ये ह्यूस्टनने 34 व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमी दिली. लगेच 33 व्या क्रमांकाच्या कार्सन श्वेसिंगरलाही ती मिळाली, कारण वरच्याला खालच्यापेक्षा कमी कसे देणार? मग दुसऱ्या फेरीतले उरलेले 30 जण जुलै उजाडला तरी सही करेनात. अखेर 40 व्या क्रमांकाच्या टायलर शॉला न्यू ऑर्लिन्सने पूर्ण हमी दिली आणि कोंडी फुटू लागली. संप पुकारला नव्हता, न्यायालय नव्हते. प्रत्येकाने शेजाऱ्याचा कागद पाहिला आणि आपली सही रोखून धरली.

1936 पासूनच्या या इतिहासातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली : वाटाघाटीच्या टेबलावर जो नसतो, त्याचाच हिस्सा आधी कापला जातो, म्हणून संघटनेने उद्या येणाऱ्याची बाजू आजच धरली पाहिजे. दुसरी : आकड्याने डोळे दिपू देऊ नयेत. कंत्राटी कामगार असो, मानधनावरचा प्राध्यापक असो की ॲपवर धावणारा डिलिव्हरीवाला, त्याने सहीपूर्वी विचारलेच पाहिजे की उद्या मी आजारी पडलो, जखमी झालो किंवा मला काढले, तर यातले माझे किती? याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या आणि शेजारच्याचा कागदही पाहून घ्या.