त्वचेचे पहारेकरी

धोतर कमरेशी घट्ट आवळून वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिले, तर तेथे कर्करोग उद्भवू शकतो, असे मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली दाखवून दिले. परंतु धोतर नेसणारे कोट्यवधी. रोग मात्र विरळा. मग इतरांना कोणी राखले? उत्तराचा एक धागा १८६८ सालीच बर्लिनमध्ये हाती आला होता. पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याला त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याने त्या मज्जातंतूंच्या मानल्या. त्या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत, हे उमगण्यास शतक लोटले. पुढे मूत्रपिंडारोपणानेही साक्ष दिली. परके मूत्रपिंड टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दडपली, की गौरवर्णीयांत त्वचेचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो. काच बाहेरचा; राखण आतली.