अभ्रिका-छायाचित्रण

अभ्रिका-छायाचित्रण : आंतरतारकीय वायू व धूलिकण यांच्या मेघांच्या (अभ्रिकांच्या) प्रतिमा घेण्याचे व त्यांवर संस्करण करण्याचे तंत्र. हेन्री ड्रेपर या अमेरिकन ज्योतिर्विदांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातील अभ्रिकेचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांच्या उद्‌भासनाने घेतले. १८८३ मध्ये अँड्रू कॉमन यांनी इंग्लंडमध्ये ९१ सेंमी. व्यासाच्या परावर्तक दूरदर्शकाने घेतलेल्या छायाचित्रात दूरदर्शकातूनही डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले. त्यामुळे छायाचित्रण हे केवळ नोंदीचे नव्हे, तर शोधाचेही साधन ठरले.

अभ्रिकेचा गाभा तेजस्वी, तर कडा अत्यंत अंधुक असतात. ही तफावत एकाच चित्रात सामावण्यासाठी डेव्हिड मॅलिन यांनी ऑस्ट्रेलियात १९७० नंतरच्या दशकात व्यस्त प्रतीवर तिचीच पुसट समप्रत ठेवून चित्र छापण्याची पद्धत वापरली. १९६९ मध्ये शोधलेल्या सीसीडी या प्रयुक्तीमुळे पुढे प्रतिमा अंकरूपात मिळू लागल्या. अशा १६ प्रतिमांची सरासरी घेतल्यास यादृच्छिक गोंगाट एक चतुर्थांश होतो.

हबल दूरदर्शकाच्या १९९५ मधील गरुड अभ्रिकेच्या चित्रात सल्फर तांबड्या, हायड्रोजन हिरव्या व ऑक्सिजन निळ्या रंगात दाखविला आहे. वस्तुतः हायड्रोजनाचा हा प्रकाश तांबडाच असतो. असे रंग सांकेतिक असून त्यांवरून मूलद्रव्यांची वाटणी समजते. ते नैसर्गिक मानल्यास मात्र दिशाभूल होते.