हौसेला मोल

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात मांडवात पोचली की लोक म्हणायचे, ‘वा मास्तर, काय वाजवलंत! डोळ्यांत पाणी आणलंत.’ मग पैसे द्यायची वेळ यायची आणि तेच लोक म्हणायचे, ‘मास्तर, तुम्ही कलावंत माणूस. तुम्ही काय पैशासाठी वाजवता होय?’ अब्बा हसायचे आणि ठरलेल्या रकमेत दहा-वीस रुपये कमी घेऊन घरी यायचे. लोक त्या पैशाला बिदागी म्हणत. अब्बांचा शब्द वेगळा होता. ते म्हणायचे, मेहनताना. मेहनत केली, तिचा मोबदला. त्यात लाजायचं कशाला आणि उपकार तरी कसले?

पुढं मी कविता करू लागलो आणि मला तिसरा शब्द भेटला : मानधन. एकदा एका गावी कवी संमेलनात मान भरपूर मिळाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, धन मात्र राहून गेलं. रात्री साडेअकरा वाजता एसटी स्टँडवर मी शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभा होतो. कंडक्टरला नारळ चालत नाही. तिकिटाचे पैसे सोबतच्या कवीकडून उसने घेतले.

मित्रहो, हे रडगाणं लांबवत नाही. हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की खेळाच्या इतिहासातली एक गोष्ट मी वाचली तेव्हा मला त्यात अब्बांचा तो शब्द दिसला. गोष्ट अमेरिकेतली आहे, बेसबॉलची आहे आणि १८६९ सालची आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एका बाजूला नऊ खेळाडू, आणि डावही नऊ. चेंडू टोलवायचा, तीन ठाणी ओलांडून परत मूळ जागी यायचं, की एक धाव. त्या काळी चेंडू खालून हात फिरवून टाकत आणि क्षेत्ररक्षक तो उघड्या हातांनी झेलत. हातमोजे आलेले नव्हते. बोटं मोडणं ही नेहमीची गोष्ट होती.

न्यूयॉर्क आणि आसपासच्या क्लबांनी १८५७ साली या खेळाची एक संघटना उभी केली. तिचा नियम असा, की खेळाडूनं पैसे घ्यायचे नाहीत. खेळ हा सभ्य गृहस्थांनी हौसेनं खेळायचा. ऐकायला छान वाटतं. पण जरा विचार करा, हौसेनं खेळायला दुपार मोकळी कोणाची असते? ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याची. टोप्या शिवणाऱ्या कारागिरानं दुपारी मैदानावर जायचं तर त्याची त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

मग जे सगळीकडे होतं तेच तिथं झालं. क्लबांना जिंकायचं होतं, जिंकायला चांगले खेळाडू हवे होते आणि चांगले खेळाडू गरीब घरांतही जन्माला येतात. तेव्हा पैसे दिले जाऊ लागले, पण टेबलाखालून. कोणाला खोटी नोकरी दाखवली जायची, कोणाला तिकिटांच्या पैशातला वाटा गुपचूप मिळायचा. जॉर्ज राइट नावाचा एक उमदा खेळाडू १८६७ साली वॉशिंग्टनच्या क्लबाकडून खेळला, तेव्हा त्याची नोंद सरकारी कारकून अशी होती आणि त्याचा जो पत्ता दिला होता तिथं एक सार्वजनिक बाग होती, असं सांगतात.

हा खोटेपणा अखेर संघटनेलाही जड झाला. १८६९ च्या हंगामापासून उघडपणे व्यावसायिक खेळाडू ठेवायला तिनं परवानगी दिली. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरातल्या क्लबानं या परवानगीचा पुरेपूर उपयोग केला. क्लबाचे अध्यक्ष होते अ‍ॅरन चॅम्पियन नावाचे वकील आणि संघाचा कर्णधार होता हॅरी राइट, वर सांगितलेल्या जॉर्जचा थोरला भाऊ.

हा हॅरी राइट मुळात आपल्या ओळखीच्या खेळातला. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, १८३५ चा. वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाचे पगारी खेळाडू. हॅरी स्वतःही सिनसिनाटीला आला तो एका क्रिकेट क्लबाचा पगारी खेळाडू म्हणूनच. क्रिकेटमध्ये पगार घेणं चालायचं, पण पगार घेणाऱ्याची पायरी खालची. इंग्लंडमध्ये हौशी ते ‘जंटलमेन’ आणि पगारी ते नुसते ‘प्लेअर्स’. मैदानात उतरायचे दरवाजे वेगळे. धावफलकावरच्या छापील कागदात हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगाऱ्याची नंतर. हा भेद इंग्लंडनं मोडला तो थेट १९६२ च्या अखेरीस. ज्या घरात ही पायरी रोज दिसत होती, त्या घरातल्या मुलानं बेसबॉलमध्ये पगाराला उजळ माथ्यानं मैदानात आणलं.

सिनसिनाटीनं दहा खेळाडूंशी करार केले. मुदत १५ मार्च ते १५ नोव्हेंबर. धाकट्या जॉर्जला सर्वांत जास्त, चौदाशे डॉलर. कर्णधार हॅरीला बाराशे. गोलंदाज असा ब्रेनर्डला अकराशे, फ्रेड वॉटरमनला एक हजार. पाच जणांना प्रत्येकी आठशे आणि राखीव खेळाडूला सहाशे. एकूण नऊ हजार तीनशे. धाकट्या भावाला आपल्यापेक्षा जास्त पगार देणारा कर्णधार मला फार आवडला. नात्याचा मान वेगळा, कामाचं मोल वेगळं.

या माणसांचे मूळ व्यवसाय पाहा. दोघे टोप्या बनवणारे, एक संगमरवराचा कारागीर, दोघे विमा कंपनीतले, एक हिशेबनीस, एक पियानोच्या कारखान्यातला. दहांपैकी सिनसिनाटीचा असा एकच, चार्ली गुल्ड. बाकीचे बाहेरून आणलेले. ‘हे काय आपल्या गावाचे?’ असं म्हणणारे तेव्हाही असणारच. गुडघ्यापर्यंतची विजार आणि खाली लालभडक मोजे असा त्यांचा वेश होता. त्यावरून संघाचं नावच पडलं, रेड स्टॉकिंग्ज.

आणि मग तो हंगाम सुरू झाला. हॅरी राइटची शिस्त कडक. रोज सराव, ठरलेल्या जागा, चेंडू कुठं गेला की कोणी कुठं धावायचं हे आधीच पक्कं. जूनमध्ये संघ पूर्वेला गेला. १५ जूनला न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबाला त्यांनी ४-२ असं हरवलं. एकेका बाजूच्या तीस-चाळीस धावा होण्याचे ते दिवस. त्यात इतका कमी धावांचा सामना पाहून लोक थक्क झाले. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी या कारागिरांची भेट घेतली. त्याच वर्षी १० मे रोजी अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणारी रेल्वे पुरी झाली होती. सप्टेंबरमध्ये त्या रेल्वेनं संघ थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आला.

हंगामाअखेर हिशेब असा : संघटनेच्या क्लबांशी ५७ सामने, ५७ विजय, पराभव शून्य. एका सामन्याबद्दल वाद आहे. ऑगस्टमध्ये ट्रॉय गावचा संघ १७-१७ अशा बरोबरीवर भांडण काढून मैदान सोडून गेला. सट्टेवाल्यांचा पैसा वाचवायला गेला, अशी बोलवा होती. पंचांनी विजय सिनसिनाटीला दिला. दुसरा हिशेब पैशाचा : सगळे पगार, प्रवास, खर्च वजा जाता क्लबाकडे नफा उरला एक डॉलर एकोणचाळीस सेंट!

मात्र एक गोष्ट लपवणं बरं नाही. ज्या संघटनेनं टोपीवाल्या कारागिराला दार उघडलं, तिनंच १८६७ च्या डिसेंबरात कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद केलं होतं. मधले थोडे अपवाद सोडले तर ते दार उघडलं १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला तेव्हा. मेहनतीला मोल आलं, पण कोणाच्या मेहनतीला, हा प्रश्न उरलाच.

पुढच्या वर्षी काय झालं? १४ जून १८७०. ब्रुकलिनचं मैदान, समोर अटलांटिक क्लब. नऊ डावांनंतर ५-५. अटलांटिकचे खेळाडू बरोबरी मान्य करून निघाले होते. मान हलवली असती तर सिनसिनाटीचा अजिंक्यपणा शाबूत राहिला असता. पण हॅरी राइट म्हणाला, खेळू. अकराव्या डावात त्यांनी दोन धावा काढल्या. अटलांटिकनं तीन काढल्या. ८-७. ऐंशीहून अधिक सामन्यांनंतरचा तो पहिला पराभव.

त्यानंतर आणखी काही सामने गेले आणि गर्दी ओसरली. वर्षभरापूर्वी ज्यांनी या खेळाडूंना डोक्यावर घेतलं होतं, त्यांना आता त्यांचे पगार डोळ्यांत खुपू लागले. नोव्हेंबरमध्ये क्लबानं जाहीर केलं, यापुढं पगारी संघ नाही. राइट बंधू बोस्टनला गेले. जाताना मोजे आणि संघाचं नावही घेऊन गेले. मार्च १८७१ मध्ये व्यावसायिक संघांची पहिली संघटना स्थापन झाली आणि १८७२ पासून सलग चार वर्षं बोस्टन विजेते ठरले. तोच क्लब पुढं गावं आणि नावं बदलत आज अटलांटात ‘ब्रेव्ह्ज’ म्हणून खेळतो.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. म्हणणाऱ्याचा अर्थ चांगला असतो. पण पुष्कळदा हौस एकाची असते आणि मोल न मिळणारा दुसराच असतो. सिनसिनाटीच्या त्या दहा जणांनी खेळावर प्रेम केलं नाही असं कोण म्हणेल? उघड्या हातांनी चेंडू झेलणारा माणूस केवळ आठशे डॉलरसाठी झेलत नाही. पण आठशे डॉलर नसते, तर तो त्या दुपारी टोप्या शिवत बसला असता आणि त्याचा झेल कोणी पाहिलाच नसता.

अब्बा आता नाहीत. पण तुमच्या घरी कार्य निघेल, दारात कोणी सनई वाजवेल, ढोलकी वाजवेल, तेव्हा त्याला ‘वा’ जरूर म्हणा. मात्र ठरलेले पैसे आधी त्याच्या हातावर ठेवा आणि मग म्हणा.